शोधाचा फोटो

वृषालीनं रिटर्नचं बटण दाबलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बारा वाजून बावीस मिनिटं. काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका एका जागी लुकलुकत राहिला.

खिडकीपलीकडं चांगुणाबाई कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती. साठीची बाई, फिटच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला तिसगावहून नगरच्या या दवाखान्यात येणारी. तिच्यामागची रांग व्हरांड्याच्या टोकाला वळून औषधाच्या खिडकीपर्यंत गेली होती.

"मावशी, जुना नंबर कुठंच लिहिलेला नाही का?"

"कार्ड हुतं. पिशवीसंगं एसटीत ऱ्हायलं. पर तुमी वळखता की मला."

वृषाली ओळखत होती. पण ओळखीवर केसपेपर निघत नव्हता. मागच्या खोलीतल्या लोखंडी मांडण्यांवर एक लाख चाळीस हजार केसपेपर नंबरानं लावलेले होते, आणि नाव सांगितलं की नंबर काढून देणं हे संगणकाचं काम. ते तो करायचा. फक्त त्याला वेळ लागायचा. सकाळी आठला पाच मिनिटं. चारही टर्मिनलवर शोध सुरू झाले की दहा, अकरा.

शेजारी बसलेल्या सायलीनं हातरुमाल काढून की-बोर्ड पुसायला घेतला. शोध चालू असताना दुसरं काही करता येत नसे, त्यामुळं तिचा की-बोर्ड अख्ख्या दवाखान्यात सगळ्यात स्वच्छ होता.

नंबर आला तेव्हा बारा तेहतीस झाले होते. शिपाई गोरक्षनं केसपेपर काढून आणला. तो छातीशी धरून चांगुणाबाई ओपीडीकडं गेली आणि पाच मिनिटांत परत खिडकीशी आली.

"तपासायचं नंबर बंद झालं म्हनत्यात. डॉक्टर आता मंगळवारी."

"गोळ्या आहेत का तोवर?"

"परवाच संपल्या." तिनं केसपेपर कट्ट्यावर हळूच ठेवला. "येते मंगळवारी. दीडची गाडी गावंल आता गेलं तर."

ती चिडली नाही. चिडणारी माणसं वृषालीला सोपी वाटत. त्यांना काहीतरी उत्तर देता यायचं. तिनं मान मागं टाकून डोळे मिटले, मानेतून कट् असा आवाज आला, आणि मग तिनं पुढच्या माणसाला नाव विचारलं.

त्याच दुपारी अधीक्षक डॉ. बेल्हेकरांनी तिला बोलावून घेतलं; संगणकाची देखभाल तिच्याकडं होती. विश्वस्तांची बैठक झाली होती. एक तारखेपासून संगणक बंद, पुन्हा रजिस्टरं सुरू. रोजंदारीवरच्या तिन्ही मुलींना महिनाअखेरीस थांबवायचं. सप्टेंबरची अकरा तारीख होती.

"पुण्याची कंपनी म्हणते, मशीन लहान पडतंय. आपले रेकॉर्डचे कुलथे म्हणतात, चाललंय तसं चालू द्या, हात लावू नका," डॉक्टर म्हणाले. "तुमचं काय म्हणणं आहे, साळवे मॅडम?"

वृषालीनं बरोबर आणलेले कागद त्यांच्यापुढं ठेवले. एक नाव शोधताना संगणक कुठल्या पायरीला काय वाचतो, त्याची ती यादी होती. आठ पानं, इंग्रजी मोठी अक्षरं, एकीच्या पोटात दुसरी अशा आत आत सरकत गेलेल्या ओळी, प्रत्येक ओळीपुढं एक आकडा. तिनं पहिल्या पानापासून समजावायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, मी हाडांचा डॉक्टर. कुठं दुखतंय ते पेशंट सांगतो, नातेवाईक सांगतात, आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी सांगते. मी सगळं ऐकून घेतो आणि फोटो काढायला पाठवतो. तुमच्या या शोधाचा फोटो निघत नाही का?"

फोटो म्हणजे एक्स-रे. जिल्ह्यातली निम्मी माणसं त्याला फोटोच म्हणत, आणि पंचवीस वर्षांत डॉक्टरही तसंच म्हणायला लागले होते.

"निघत नाही, सर."

"मग काढायला शिका. वीस तारखेपर्यंत मी विश्वस्तांना थांबवतो. त्यापुढं माझ्या हातात नाही."

रविवारी भिंगारच्या घरी वृषालीनं जमिनीवर प्रिंटरचा कोरा कागद पसरला आणि स्केचपेनांचं पाकीट उघडलं. आठ पानांतल्या प्रत्येक ओळीचा तिनं एक चौकोन केला, चौकोनांना बाणांनी जोडलं. तासाभरानं चित्र पुरं झालं. नीटस दिसत होतं, पण त्यातून काहीच कळत नव्हतं. सगळे चौकोन एकसारखे.

तिनं दुसरा कागद घेतला. या वेळी ओळीपुढचा आकडा जेवढा मोठा, तेवढा चौकोन रुंद, आणि आतली पायरी बाहेरच्या पायरीच्या खाली टांगलेली. एक चौकोन चारशेचा. रतनबाई नावाच्या चारशे नोंदी होत्या, तिनं नमुन्याला तेच नाव घेतलं होतं. दुसरा एक लाख चाळीस हजारांचा, म्हणजे अख्खं दप्तर एकदा वाचून काढलेलं. एवढ्यानं अकरा मिनिटं लागायला नकोत. दप्तर एकदा वाचायला संगणकाला दीडएक सेकंद पुरे, ते तिनं मोजलं होतं.

तिची आई दगडाबाई निवडलेल्या तांदळाचं ताट घेऊन कागद ओलांडायला निघाली आणि मध्येच थांबली. बालवाडीत आया म्हणून तिची वीस वर्षं गेली होती. सही सोडली तर लिहिणं-वाचणं नव्हतं.

"काय काढलंस ह्ये?"

"ऑफिसचं आहे. मशीन कुठं अडकतंय ते."

दगडाबाई वाकून बघत राहिली. "ह्यो मोठा चौकोन ह्या बारक्याच्या पोटात हाय व्हय?"

"पोटात म्हणजे, त्याच्या आतली पायरी."

"मंग बारक्याच्या दर खेपंला ह्येला उघडायचं, का यकदाच?"

वृषालीनं यादी पुन्हा जवळ ओढली. यादीत आत सरकलेली ओळ म्हणजे बाहेरच्या ओळीतल्या प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा पुन्हा करायचं काम. हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण यादीतला आकडा एका खेपेचा होता. खेपा किती, ते कुठंच छापलेलं नव्हतं. ते दोन पानं आधीच्या ओळीत होतं. चारशे खेपा. चारशे वेळा अख्खं दप्तर.

"दर खेपेला, आई," ती म्हणाली.

"मंग लईच काम हाय की," असं म्हणून दगडाबाई तांदूळ धुवायला गेली.

सोमवारी ओपीडी संपल्यावर वृषालीनं प्रोग्रॅम लिहायला घेतला. स्केचपेननं एका शोधाचं चित्र होतं. रोज नवं दुखणं निघालं तर रोज कोण रंगवत बसणार? प्रोग्रॅमनं यादी वाचायची, आतल्या पायरीचा आकडा बाहेरच्या खेपांनी गुणायचा आणि छापायचं. चित्र काढणारा प्रिंटर दवाखान्यात नव्हता. म्हणून फुल्या. हजार नोंदींना एक फुली. वाचता न येणाऱ्यालाही लांब काय आणि आखूड काय ते दिसलं पाहिजे, एवढीच अट तिनं स्वतःला घातली होती. 

मंगळवारी चांगुणाबाई आली. कपाळाला तीन टाके होते. रविवारी फिट येऊन उंबऱ्यावर पडली होती. सकाळी सातलाच येऊन रांगेत पहिली उभी राहिली, पण नंबर लिहून दिलेली चिठ्ठी त्या गडबडीत हरवली होती, त्यामुळं नंबर निघायला सहा मिनिटं लागलीच. त्या वेळात रेकॉर्ड विभागाचे प्रमुख राधाकृष्ण कुलथे आतल्या दारात उभे राहून तिच्या कपाळाकडं बघत होते. मार्चमध्ये निवृत्त होणारे, बारीक अंगाचे, कुणाशी फार न बोलणारे गृहस्थ. केसपेपर आल्यावर त्यांनी तो गोरक्षच्या हातून घेतला आणि स्वतः तिच्याबरोबर ओपीडीपर्यंत गेले.

दुपारी वृषालीनं प्रिंटर सुरू केला. पहिल्या पायरीला एक फुली. दुसरीला एक. तिसरीला एक ओळ भरून वर थोड्या. चौथ्या पायरीला प्रिंटर कर्र कर्र करत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेला, मागं आला, पुन्हा गेला.

"बंद पडला की काय?" सायली म्हणाली.

"नाही. छापतोय."

पान भरलं. दुसरं भरलं. सायली आधी हसली, मग हसायची थांबली आणि खाली घरंगळणारा कागद हातात धरून मागं मागं सरकू लागली. गोरक्ष दारात येऊन बघायला लागला. सातव्या पानाच्या मध्यावर चौथी पायरी संपली, आणि तिच्याखाली पाचवीची एकच फुली उमटली. तोवर रिबिनीची शाई फिकी झाली होती.

त्यांनी तो कागद मांडण्यांच्या मधल्या वाटेत लांब पसरला. आवाज ऐकून कुलथे आतून आले. कागदाच्या एका टोकापासून ते चालायला लागले, पाय फरशीवर आणि नजर फुल्यांवर. दुसऱ्या टोकाला पोचायला त्यांना बराच वेळ लागला. मग सायलीला आणि गोरक्षला त्यांनी चहाला पिटाळलं.

"ही लांबलचक आहे, तिचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"यादीत नाव नाही, सर. जुन्या प्रोग्रॅममधून जसंच्या तसं उचललेलं काहीतरी आहे. मी अजून आत बघितलं नाही. कंपनीला फोन केला, पण लिहिणारा माणूस अमेरिकेला गेलाय."

"सारख्या नावांची तपासणी," कुलथे म्हणाले.

त्यांनी गोरक्षचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"अठ्ठ्याऐंशी साल. संगणक नव्हता तेव्हा. रतनबाई भीमा गायके नावाच्या दोघी होत्या. नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच. एक जामखेडची, एक राहात्याची. जामखेडच्या बाईच्या केसपेपरवर लाल शाईनं लिहिलेलं होतं, पेनिसिलीन चालत नाही. दुसरीच्या कागदावर तसलं काही नव्हतं." त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "जामखेडची आली होती. मी दुसरीचा कागद दिला."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. तो आवाज लांब गेला.

"बाई गेली. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन, एवढंच लिहिलं गेलं. मला कुणी काही विचारलं नाही. दोन्ही कागद मीच पुन्हा जागेवर लावले. पुढं संगणक आला तेव्हा मी त्या प्रोग्रॅमवाल्याला बजावलं, कुठलंही नाव काढलं की त्याच्यासारखी जेवढी नावं दप्तरात असतील तेवढी सगळी बघायची आणि पडद्यावर सांगायचं. एक सुटता कामा नये. तो म्हणाला, हळू चालेल. म्हटलं, चालू दे."

"सर, दोन वर्षं मी शोधतेय, वेळ कुठं जातोय."

"मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काढून टाकलं असतं." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "वेळ लागतोय म्हणजे नीट बघतंय, असं वाटायचं मला. रांग दिसत होती. आज त्या बाईचं कपाळही दिसलं. काढून टाकणार आहेस का?"

काढणं सोपं होतं. एका ओळीपुढं खूण केली की शोध सेकंदात आला असता, डॉक्टर खूष, मुली कामावर. वृषालीनं वाकून कागदाची घडी घालायला सुरुवात केली. सात पानांच्या घड्या पडायला वेळ लागला.

"नाही," ती म्हणाली. "एकही सुटू द्यायचं नाही आणि वेळही लागू द्यायचा नाही, असं जमतंय का बघते. तुम्ही बसाल का माझ्याबरोबर?"

पुढचे तीन दिवस दुपारी दोन ते सहा ती दोघं एका टर्मिनलपुढं बसली. तिनं त्यांना समजावलं: टेलिफोनच्या पुस्तकात एक नाव बघायला आपण सगळं पुस्तक वाचत नाही, अक्षर काढतो आणि तेवढंच पान बघतो. तशी याद्यांची एक सोय आधीच करून ठेवायची, पेशंटचं नाव आणि नवरा किंवा बाप यांच्या नावाची पहिली अक्षरं जुळवून. मग प्रत्येक खेपेला अख्खं दप्तर नको, चार-पाच नोंदी बघितल्या की झालं.

कुलथ्यांनी तीनशे नावं लिहून आणली. प्रत्येक नाव जुन्या पद्धतीनं काढायचं, मग नव्या, आणि दोन्हींची उत्तरं समोरासमोर ताडून पाहायची. जुन्या पद्धतीची उत्तरं संगणक रात्री चालू ठेवून आधीच छापून घेतलेली असत. ते बोट ठेवून वाचत, ती बरोबरची खूण करत जाई. गुरुवारी एकशे बारावं नाव चुकलं.

"विठाबाई एक कमी आली," कुलथे म्हणाले.

संगणकात नावं इंग्रजी अक्षरांत होती. कुणी विठाबाई 'व्ही'नं लिहिली होती, कुणी 'डब्ल्यू'नं. वृषालीनं डोळे चोळले आणि सगळी अक्षरं पुन्हा तपासायला घेतली. कुलथ्यांनी चाळीस वर्षांत कारकुनांनी एकेका नावाचे जे जे हाल केलेले पाहिले होते ते सांगितले, तिनं ते एकेक करून प्रोग्रॅमला शिकवले. मग पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात. शुक्रवारी सहाला तीनशेच्या तीनशे जुळली. कुलथ्यांनी चष्मा डबीत ठेवला आणि सायकलची किल्ली खिशात चाचपत निघून गेले.

शनिवारी वृषाली दोन फोटो घेऊन डॉ. बेल्हेकरांकडं गेली. जुना सात पानांचा आणि नवा अर्ध्या पानाचा. डॉक्टरांनी नवा कागद सवयीनं खिडकीच्या उजेडात धरला.

"यात तर काहीच नाही."

"काहीच नाही, सर. आता तीन सेकंद लागतात."

मग त्यांनी जुना कागद टेबलावरून जमिनीपर्यंत सोडून पाहिला. काही विचारावं लागलं नाही. "ही एवढी लांब होती आणि कुणाला दिसली नाही?"

"यादीत ती एकाच ओळीची होती."

"आणि हे आत घातलं होतं कुणी?"

"जुना प्रोग्रॅम आहे, सर. कशासाठी तरीच घातलं असणार. ते काढलेलं नाही मी. सारखी नावं अजूनही सगळी दिसतात. वेळ तेवढा काढलाय."

डॉक्टरांनी तिच्याकडं क्षणभर पाहिलं, कागद गुंडाळला आणि फोन जवळ ओढला. विश्वस्तांचा निर्णय मागं घ्यायला त्यांना दोनच फोन करावे लागले.

सोमवारी साडेनवाला खिडकीपुढची रांग संपली. सायली पुढच्या माणसाची वाट बघत बसली होती, की-बोर्डवर हात ठेवून. नाव सांगितलं की नंबर येत होता, पडद्याच्या तळाशी सारखी नावं येत होती, गोरक्षच्या चपलांचा आवाज थांबत नव्हता. वृषालीनं पहिल्यांदाच सकाळचा चहा गरम असताना प्यायला.

व्हरांड्याच्या वळणापलीकडून माणसांची कुजबूज येत होती. ती बघायला गेली. तिथं भिंतीला लागून एक टेबल मांडलेलं होतं. टेबलामागं कुलथे बसले होते आणि त्यांच्यापुढं पंधरा-वीस माणसांची रांग लागली होती. केसपेपर मिळालेल्या प्रत्येकाला ते थांबवत होते.

"पूर्ण नाव सांगा."

"सहादू तुकाराम," म्हातारा म्हणाला आणि आडनाव सांगितलं.

"गाव?"

"तिथंच लिवलंय की सायेब."

"तुम्ही सांगा."

म्हाताऱ्यानं गाव सांगितलं. कुलथ्यांनी कागदावर बोट ठेवून ते शोधलं. मग वय विचारलं. मग कुठल्या औषधानं कधी अंगावर उठलंय का, घसा आवळलाय का, ते विचारलं. बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं. मागचा माणूस घड्याळ बघत होता. एक बाई मूल कडेवरून उतरवून खाली बसली.

सर, आता याची गरज नाही, पडदा सांगतोय सगळं. हे वाक्य वृषालीच्या ओठांवर आलं होतं. कुलथ्यांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी म्हाताऱ्याला कागद परत दिला, "हा तुमचाच आहे," म्हणून सांगितलं, आणि पुढचा कागद घ्यायला हात पुढं केला.

ती आत गेली, खुर्ची उचलून घेऊन आली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. मूल घेऊन बसलेल्या बाईला तिनं हातानं जवळ बोलावलं.

"इकडं या, ताई. कागद बघू. नाव सांगा पूर्ण."